गाव सुटले, चाल राहिली : आयर्लंडबाहेरचे आयरिश संगीत

आयर्लंडच्या पारंपरिक संगीताचा इतिहास सांगताना एक क्रम बहुधा गृहीत धरला जातो : हे संगीत त्या बेटावरील खेड्यांत जन्मले, तेथील शेतकरी कुटुंबांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या हौशी वादकांनी ते त्यांच्याकडून उचलले. या क्रमाचा आरंभ बराचसा खरा असला, तरी शेवट वस्तुस्थितीला धरून नाही. आज टोकियो, लाइपझिग, मेलबर्न किंवा बॉस्टन येथील पबमध्ये आठवड्यातून एकदा जमणारे वादक ज्या साधनांवरून हे संगीत शिकतात आणि ज्या रीतीने ते एकत्र बसून वाजवतात, त्यांचा मोठा भाग आयर्लंडबाहेरच घडलेला आहे. नृत्यचालींचा सर्वांत प्रभावी छापील संग्रह शिकागोत सिद्ध झाला, वादनाचा आदर्श ठरलेल्या तबकड्या न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाल्या आणि पबमधील सामूहिक बैठकीला तिचे आजचे रूप प्रामुख्याने लंडनमध्ये मिळाले.

याचे कारण स्थलांतरात आहे. बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. १८४१ मध्ये ऐंशी लाखांच्या वर असलेली लोकसंख्या दहा वर्षांत पासष्ट लाखांच्या आसपास आली आणि पुढेही शतकभर घटतच राहिली. गावेच्या गावे रिकामी होत असताना त्यांतील चाली जहाजांतून अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गेल्या. ज्यांच्यापाशी त्या होत्या, ती माणसे स्वतःच परदेशी झाली होती. त्यामुळे आयरिश वंशाच्या नसलेल्या माणसाने हे संगीत वाजवावे की नाही, या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापेक्षा ते कोणाकडून आणि कोणत्या मार्गाने त्याच्यापर्यंत पोहोचले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

चालीची घडण

या संगीताचा गाभा नृत्यचालींचा आहे. चाल म्हणजे येथे शब्दांवाचूनची, नाचासाठी बांधलेली, ठरावीक लांबीची सुरावट. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ खंडांचा असून तो दोनदा वाजवला जातो आणि अशा रीतीने बत्तीस खंडांत एक आवर्तन पुरे होते. चालीचा प्रकार तिच्या लयीवरून ठरतो. रील ही सम विभागांची, वेगवान चाल असते. जिगच्या खंडात सहा मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत येतात, तर स्लिप जिगच्या खंडात असे तीन गट मिळून नऊ मात्रा होतात. हॉर्नपाइप ही रीलच्याच घडणीची, पण सावकाश आणि झोके देत जाणारी असते. आणि दोन ठोक्यांची पोल्का ही कॉर्क व केरी या परगण्यांच्या सीमेवरील श्लीव लूक्रा भागात विशेष रुजलेली आहे. यांपैकी रील हा प्रकार स्कॉटलंडकडून आला आणि पोल्का मध्य युरोपातून आली, हे लक्षात घेतले म्हणजे या परंपरेत उगमापाशीही देवघेव होतीच, हे स्पष्ट होते.

जुन्या वादनात स्वरसंवाद, म्हणजे एकाच वेळी निरनिराळे स्वर योजून सुरावटीला दिलेला आधार, नव्हता. एकत्र वाजवतानाही सर्व वाद्ये एकच सुरावट धरून चालत आणि प्रत्येक वादक तीत आपापले अलंकार घालत असे. मुख्य स्वराआधी वरच्या स्वराला निसटता स्पर्श करणे याला ‘कट’ म्हणतात. मुख्य स्वर, वरचा स्पर्श, पुन्हा मुख्य स्वर, खालचा स्पर्श आणि अखेर मुख्य स्वर अशा पाच अंगांच्या, मुरकीशी नाते सांगणाऱ्या क्रियेला ‘रोल’ हे नाव आहे. ख्यालगायनात बंदिशीचा आधार घेऊन रागाचा जो विस्तार होतो, तसा विस्तार येथे अभिप्रेत नाही. चाल आपली मर्यादा सोडत नाही; वादकाची प्रतिभा दिसते ती एखाद्या स्वराची जागा किंचित बदलण्यात, फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, गजाचा दाब कोठे वाढवायचा हे ठरवण्यात आणि दुसऱ्या आवर्तनात पहिल्याचीच वाक्ये वेगळ्या वजनाने मांडण्यात. कागदावर सारख्या लांबीचे लिहिलेले दोन स्वर प्रत्यक्षात सारखे वाजत नाहीत, आणि ते किती असमान वाजावेत हे गावागणिक आणि वादकागणिक बदलते. स्वरलिपीवरून शिकणाऱ्या परदेशी हौशी वादकाची पहिली अडचण नेमकी हीच असते.

शिकागोचा पोलीसप्रमुख

फ्रान्सिस ओनील यांचा जन्म १८४८ मध्ये कॉर्क परगण्यातील बँट्रीजवळच्या ट्रॅलिबेन या गावी झाला. सोळाव्या वर्षी त्यांनी घर सोडले आणि खलाशी म्हणून जग पाहिले. प्रशांत महासागरातील बेकर बेटापाशी त्यांचे जहाज फुटले. ज्या जहाजाने त्यांची सुटका केली, त्यावरील खलाशी पॅसिफिक बेटांवरचे होते आणि शिधा अपुरा होता. त्यांच्यापैकी एकाजवळ बासरी होती; तीवर ओनील यांनी आपल्याकडची चाल वाजवून दाखवली आणि त्या खलाशाने आपल्या वाट्यातले अन्न त्यांना दिले, असे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. १८७३ मध्ये ते शिकागोच्या पोलीस दलात दाखल झाले आणि १९०१ ते १९०५ या काळात त्या दलाचे प्रमुख होते.

शिकागोतील आयरिश वस्ती मोठी होती आणि पोलीस दलात आयरिश माणसांचा भरणा होता. कॉर्कचा बासरीवादक, डाउनचा फिडलवादक आणि गॉलवेचा पाइपवादक, म्हणजे इलियन पाइप्स हे पिशवीचे वाद्य वाजवणारा, आयर्लंडमध्ये आयुष्यात कधी एका खोलीत बसले नसते. शिकागोत ते शेजारी राहत होते. ओनील यांना चाली ऐकून ध्यानात ठेवण्याची विलक्षण शक्ती होती, परंतु त्या स्वरलिपीत उतरवण्याचे काम डाउन परगण्यातून आलेले पोलीस दलातीलच फिडलवादक जेम्स ओनील यांनी केले. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘म्युझिक ऑफ आयर्लंड’ या संग्रहात १,८५० रचना होत्या, तर १९०७ च्या ‘द डान्स म्युझिक ऑफ आयर्लंड’ मध्ये १,००१ नृत्यचाली होत्या. वादकांच्या बोलण्यात या दुसऱ्या संग्रहाला नुसते ‘द बुक’ म्हणण्याचा प्रघात पडला.

एडवर्ड बंटिंग आणि जॉर्ज पेट्री या आधीच्या संग्राहकांनीही मोलाचे काम केले होते. बंटिंग यांनी १७९२ मध्ये बेलफास्ट येथे भरलेल्या हार्पवादकांच्या मेळाव्यात चाली टिपल्या होत्या. मात्र त्यांचे संग्रह मुख्यतः दिवाणखान्यात पियानो वाजवणाऱ्या सुशिक्षित वर्गासाठी होते. ओनील यांनी प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसाठी, त्यांच्याच रोजच्या चाली, आटोपशीर रूपात छापल्या. एका गावाची चाल त्या गावातल्या कोणाला न भेटताही शिकता येऊ लागली. विखुरलेले धन वाचले, परंतु चालीचे एक रूप छापले गेल्यामुळे तेच प्रमाण मानण्याची सवयही लागली. परदेशातील आजचा वादक या लाभाचा आणि या दोषाचा असा दोन्हींचा वारस आहे.

तीन मिनिटांची तबकडी

स्वरलिपीत जे मावत नव्हते, ते ध्वनिमुद्रणाने पोहोचवले. बालपणीच गॉलवेहून अमेरिकेत गेलेले पाइपवादक पॅट्सी टूही विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या वादनाच्या मेणाच्या नळ्या स्वतःच मुद्रित करून टपालाने विकत. १९१६ मध्ये न्यूयॉर्कमधील दुकानदार एलन ओबर्न डीविट यांनी कोलंबिया कंपनीकडे आयरिश वादनाच्या तबकड्या काढण्याचा आग्रह धरला. पाचशे प्रती आपण विकत घेऊ, अशी हमी त्यांनी दिली आणि एडी हर्बॉर्न व जेम्स व्हीलर यांचे अ‍ॅकॉर्डियन आणि बँजोवरील वादन मुद्रित झाले. तबकड्या खपल्या आणि स्थलांतरितांची बाजारपेठ कंपन्यांच्या लक्षात आली.

या बाजारपेठेतून पुढे आलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे मायकेल कोलमन. स्लायगो परगण्यात १८९१ मध्ये जन्मलेले हे फिडलवादक १९१४ मध्ये अमेरिकेत गेले आणि १९२१ ते १९३६ या काळात त्यांच्या वादनाच्या सुमारे ऐंशी बाजू मुद्रित झाल्या. त्यांच्याच परगण्यातील जेम्स मॉरिसन आणि पॅडी किलोरन यांच्या तबकड्याही गाजल्या. या तबकड्या नातेवाइकांनी पाठवलेल्या सामानातून आयर्लंडला परतल्या आणि तेथील तरुण वादक ग्रामोफोनभोवती बसून न्यूयॉर्कमध्ये वाजलेली स्लायगोची ढब शिकू लागले. कोलमन यांची सफाई, वेग आणि अलंकारांची दाटी यांपुढे आपले वादन ओबडधोबड आहे, असे इतर परगण्यांतील कित्येकांना वाटू लागले आणि काही स्थानिक ढबी मागे पडल्या.

तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. एकच चाल तेवढा वेळ वाजवण्याऐवजी दोन-तीन चाली न थांबता जोडण्याची पद्धत मुद्रणामुळे पक्की झाली. या जोडणीला ‘सेट’ म्हणतात आणि कोलमन यांनी जोडलेले काही सेट आजही त्याच क्रमाने वाजवले जातात. तबकडी पुन:पुन्हा लावून, एकेक वाक्य कानात साठवून शिकण्याची सवयही याच काळातली आहे. आज संगणकावर ध्वनिमुद्रण सावकाश करून ऐकणारा हौशी वादक साधन बदलले असले, तरी ओळखीच्या वाटेनेच जात असतो.

लंडनमधील बैठक

सामूहिक वादनाच्या बैठकीला सर्वत्र ‘सेशन’ म्हणतात. पबमधील हे सेशन पुरातन आयरिश चालीरीतींपैकी आहे, असा समज प्रचलित असला, तरी त्याचे वय शतकाहून कमी आहे. आयर्लंडमध्ये वादन मुख्यतः घरांतील नाचांना, लग्नांना आणि चौरस्त्यावरील नाचांना साथ म्हणून होत असे. १९३५ मध्ये सार्वजनिक नृत्यगृहांविषयीचा कायदा आला, त्यानुसार नाचांसाठी परवाना आवश्यक ठरला आणि धर्मगुरूंच्या विरोधाची त्याला जोड मिळाल्यामुळे घरगुती नाच बऱ्याच ठिकाणी आटले. दुसऱ्या महायुद्धानंतर पडझड झालेले लंडन उभारण्यासाठी हजारो आयरिश मजूर तेथे गेले. भाड्याच्या लहान खोल्यांत वाजवणे शक्य नव्हते, म्हणून वादक पबकडे वळले. केंटिश टाउनमधील ‘डेव्हनशायर आर्म्स’ येथे १९४७ च्या सुमारास अशा बैठकी सुरू झाल्याचे सामान्यतः मानले जाते. होलोवे रोडवरील ‘द फेवरिट’ या पबमधील वादन ‘पॅडी इन द स्मोक’ या १९६८ च्या तबकडीत टिकून राहिले आहे; क्लेअर परगण्यातील बॉबी केसी यांच्यासारखे श्रेष्ठ फिडलवादक दिवसा मजुरी आणि रात्री वादन अशा जीवनक्रमात तेथे वाजवत होते.

आयर्लंडमध्ये १९५१ मध्ये मलिंगार येथे ‘कोल्तस क्योल्तोरी एरन’ ही वादकांची संस्था स्थापन झाली आणि तिच्या ‘फ्ला क्योल’ या वार्षिक संगीतोत्सवाला जमणारी गर्दी पबमध्ये वाजवू लागली. साठच्या दशकापासून सेशन आयर्लंडभर रूढ झाले आणि तेथून ते जगभर गेले. नाच गळून पडला आणि वादक स्वतःसाठी व एकमेकांसाठी वाजवू लागले. परदेशातील हौशी वादकांना हे रूप विशेष सोयीचे ठरले, कारण त्यासाठी नर्तक लागत नाहीत, रंगमंच लागत नाही आणि श्रोते नसले तरी चालते.

सेशनचे नियम कोठे लिहून लावलेले नसतात, पण ते कडक असतात. कोणीतरी चाल सुरू करतो. ती ज्यांना येते ते त्यात मिसळतात आणि ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. प्रत्येक चाल बहुधा तीनदा वाजवून पुढची धरली जाते. समोर कागद ठेवून वाजवणे अप्रशस्त मानले जाते. बौरॉन, म्हणजे एका बाजूला कातडे ताणलेला, हातात धरून काडीने वाजवायचा चपटा डफ, एका वेळी एकच असावा आणि गिटारची साथही एकाचीच असावी, असा संकेत असतो, कारण दोन साथीदारांचे ठोके वा स्वरसंवाद एकमेकांना छेदतात. दुसऱ्या देशातून आलेला, तेथील भाषाही न येणारा वादक या नियमांच्या आधारे अनोळखी टेबलापाशी बसू शकतो, कारण त्याला आणि तेथील वादकांना त्याच शंभर-दोनशे चाली येत असतात.

वाद्यांची वंशावळ

या बैठकीत दिसणारी बहुतेक वाद्येही बाहेरची आहेत. टिनची शिट्टीसारखी बासरी, म्हणजे टिन व्हिसल, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कारखान्यांतून स्वस्तात मिळू लागली. भात्याच्या कॉन्सर्टिनामागे लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन यांची आणि जर्मनीतील केम्निट्झच्या कार्ल फ्रीडरिख उलिग यांची कल्पकता आहे. युरोपच्या वाद्यवृंदांनी थिओबाल्ड बोम यांची नव्या यंत्रणेची बासरी स्वीकारल्यावर जुन्या लाकडी बासऱ्या कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि त्या आयरिश वादकांच्या हाती आल्या. बँजो अमेरिकेतून आला आणि त्याची मुळे आफ्रिकी गुलामांच्या वाद्यांत आहेत. ग्रीसचा बुझुकी जॉनी मॉइनिहन यांनी साठच्या दशकाच्या मध्यास आयरिश वादनात आणला. पुढे डोनल लुनी यांच्यासाठी पीटर अ‍ॅबनेट या इंग्लिश कारागिराने त्याचा सपाट पाठीचा नमुना घडवला आणि आज तो आयरिश बुझुकी म्हणूनच ओळखला जातो.

खास आयरिश म्हणावे असे वाद्य म्हणजे इलियन पाइप्स. यात फुंकर मारायची नसते. एका कोपराखालचा भाता दाबून दुसऱ्या काखेतील पिशवीत हवा भरली जाते, बोटांखालच्या नळीतून दोन सप्तकांची सुरावट निघते, तीन नळ्या अखंड आधारस्वर धरतात आणि मनगटाने दाबायच्या चाव्यांमधून स्वरसंवादाची साथ मिळते. १९६८ मध्ये ‘ना पीबरी इलियन’ ही पाइपवादकांची संस्था स्थापन झाली तेव्हा जगभरात शंभराहूनही कमी वादक उरले होते, असे ती संस्था सांगते. पाइप्स घडवण्याची कला पुन्हा उभी राहिली, वादकांची संख्या अनेक देशांत वाढली आणि २०१७ मध्ये युनेस्कोने या वादनकलेचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. लाकडी बासऱ्यांच्या बाबतीतही हेच घडले. अमेरिकेतील व्हर्जिनियाचे पॅट्रिक ओलवेल आणि ऑस्ट्रेलियातील टेरी मॅगी यांच्या बासऱ्या आयर्लंडमधील वादकही वापरतात. परदेशी हौसेतून उभी राहिलेली कारागिरी अशा रीतीने मूळ परंपरेच्या उपयोगी पडते.

परक्या गाण्यातून आपल्या गाण्याकडे

युरोपात या संगीताला मिळालेल्या प्रतिसादामागे प्रत्येक देशाची वेगळी कारणे होती. जर्मनीत नाझी राजवटीने लोकगीतांचा प्रचारासाठी इतका वापर केला होता, की युद्धानंतरच्या पिढीला स्वतःची लोकगीते गाताना संकोच वाटत असे. हाइनरिख ब्योल यांच्या १९५७ च्या आयर्लंडवरील प्रवासवर्णनाने त्या देशाची एक प्रतिमा जर्मन वाचकांच्या मनात रुजवली होतीच. दुसऱ्या एका लहान, सोसलेल्या राष्ट्राची गाणी निर्धास्तपणे गाता येत होती. १९७४ पासून आयरिश वादकांचे फिरते महोत्सव पश्चिम जर्मनीच्या शहरांतून होऊ लागले. पूर्व जर्मनीत प्रवासाला बंदी असल्यामुळे तबकड्या आणि रेडिओ एवढाच आधार होता. लाइपझिगमध्ये १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फोल्कलेंडर’ या गटाने आरंभी आयरिश संगीत वाजवले आणि नंतर जुन्या जर्मन लोकगीतांकडे मोर्चा वळवला.

फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील ब्रिटनी प्रांतातही असाच प्रवास दिसतो. तेथील ब्रेटन भाषा आयरिश भाषेच्या दूरच्या नात्यातली आहे, आणि १९७१ पासून लोरिआँ येथे भरणाऱ्या महोत्सवात या नात्यातील सर्व प्रदेशांचे वादक एकत्र येतात. तेथील झाँ-मिशेल वेयाँ यांनी आयरिश वादकांकडून प्रेरणा घेऊन लाकडी बासरी उचलली आणि जिथे हे वाद्य रूढ नव्हते, त्या ब्रेटन नृत्यसंगीतात ते प्रतिष्ठित केले. दुसऱ्याच्या परंपरेत शिरलेला माणूस आपली परंपरा विसरतो, ही भीती या उदाहरणांपुरती तरी खोटी ठरते. परक्या संगीतात ऐकण्याची जी शिस्त लागते, ती घेऊन हे वादक स्वतःच्या आजोबांच्या चालींकडे परतले.

चाल गेली, ढब राहिली

जपानमध्ये आयरिश सुरावट शिरली ती सेशनच्या कितीतरी आधी. थॉमस मूर यांच्या एका विख्यात गीताची आयरिश चाल १८८४ मध्ये ‘निवा नो चिगुसा’ या नावाने जपानी शालेय गीतसंग्रहात आली आणि आयर्लंडशी काहीही परिचय नसलेल्या पिढ्यांनी ती आपलीच मानून गायली. भारतातील एक उदाहरण तर याहून जुने आहे. कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी इंग्रजी बँडवर ऐकलेल्या चालींवर संस्कृत पदे बांधली, ती ‘नोट्टुस्वर’ म्हणून ओळखली जातात आणि त्यांची संख्या सुमारे चाळीस आहे. त्यांतील ‘वंदे मीनाक्षी’ हे पद कॉर्क परगण्यातील मॅलो या गावाच्या नावाने अठराव्या शतकात छापल्या गेलेल्या चालीवर आहे. हाच काळ तंजावरच्या मराठी दरबारातही पाश्चात्त्य वाद्यांच्या कुतूहलाचा होता; सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी तेथे युरोपीय पद्धतीचा बँड बाळगला होता.

या दोन्ही उदाहरणांत चाल गेली, परंतु ती वाजवण्याची ढब मागेच राहिली. जपानी विद्यार्थ्यांच्या तोंडी ती शालेय गीत झाली आणि दीक्षितरांच्या हाती देवीची स्तुती. १९९० च्या दशकानंतर जपानमध्ये जे घडले ते याहून निराळे होते. ‘फायनल फॅन्टसी’ या व्हिडिओ-खेळातील संगीताची ‘सेल्टिक मून’ ही आवृत्ती १९९१ मध्ये डब्लिन येथे फिडलवादक मॉइरे ब्राहनक यांच्या सहभागाने मुद्रित झाली, ‘रिव्हरडान्स’ या रंगमंचीय आयरिश नृत्याचे प्रयोग झाले, मोठ्या शहरांत आयरिश पब निघाले. या वाटांनी आलेल्या तरुणांनी सुरावटीवर समाधान न मानता कट, रोल आणि गजाचे वजन शिकून घेतले, विद्यापीठांत मंडळे काढली आणि शिकण्यासाठी आयर्लंडच्या वाऱ्या सुरू केल्या.

गुरू, गाव आणि वेग

या वाऱ्यांचे प्रमुख ठिकाण म्हणजे क्लेअर परगण्यातील मिलटाउन मालबे. पाइपवादक विली क्लॅन्सी १९७३ च्या आरंभी निवर्तले आणि त्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ तेथे उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. दर जुलैमध्ये सकाळी वर्ग आणि दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत पबमध्ये वादन असा तिचा परिपाठ असतो. येथे येणाऱ्याला छापील संग्रहाने जे दिले नाही ते मिळते : चाल कोणाकडून आली, तिचे दुसरे नाव काय, कोणत्या वादकाने तिचा दुसरा भाग कसा फिरवला, यांची माहिती. एकाच चालीला अनेक नावे आणि एका नावाच्या अनेक चाली असल्यामुळे वादक चालीची ओळख बहुधा ती ज्याच्याकडून घेतली त्या माणसाच्या नावाने देतात. वंशापेक्षा या गुरुपरंपरेला अधिक वजन आहे. शिकागोत जन्मलेल्या लिझ कॅरल यांनी १९७५ मध्ये अठराव्या वर्षी फ्ला क्योलमधील प्रौढ गटाच्या फिडलवादनाचे अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. त्यांनी रचलेल्या चाली आज आयर्लंडमधील सेशनमध्येही वाजतात.

मात्र परदेशी हौशी वादनातील उणिवाही नजरेआड करता येत नाहीत. १९९४ च्या ‘रिव्हरडान्स’ने आणि १९९७ च्या ‘टायटॅनिक’ चित्रपटातील नाचाच्या प्रसंगाने लाखो लोक या संगीताकडे ओढले गेले, पण त्यांनी ऐकले ते रंगमंचासाठी धारदार केलेले आणि वेग वाढवलेले रूप. आयर्लंडमध्येही या प्रश्नावर कडाक्याचे वाद झाले. १९९६ मध्ये डब्लिन येथे भरलेल्या ‘क्रॉसव्हॅलख अन ख्योल’, म्हणजे ‘संगीताचा चौरस्ता’, या परिषदेत अ‍ॅकॉर्डियनवादक टोनी मॅकमहन आणि संगीतकार मीहॉल ओ सूलवॉन यांनी परंपरा आणि नवता यांविषयी परस्परविरोधी भूमिका मांडल्या. नाच सुटल्यामुळे वेगावरचा लगाम सुटतो, कारण नर्तकाच्या पायांना झेपेल एवढीच लय पूर्वी धरावी लागे. संगणकावरून शेकडो चाली मिळवता येतात. इंग्लंडमधील ख्रिस वॉलशॉ यांनी रूढ केलेल्या, साध्या अक्षरांत चाल लिहिण्याच्या पद्धतीमुळे त्या क्षणात जगभर पाठवता येतात. त्यामुळे तीनशे चाली पाठ असलेला, पण त्या सर्व एकाच वजनाने वाजवणारा वादक हे परदेशी सेशनचे नेहमीचे चित्र झाले आहे. चालींचा साठा वाढतो आणि ढबींचे वैविध्य मात्र कमी होते.

यावरचे उपायही हौशी वादकांनीच शोधले आहेत. नवशिक्यांसाठी संथ लयीची वेगळी बैठक भरवणे, नृत्यवर्गाला साथ देऊन पायांचा अंदाज घेणे, एकाच परगण्याच्या किंवा एकाच जुन्या वादकाच्या मुद्रणांवर दोन-तीन वर्षे घालवणे, असे प्रयत्न अनेक शहरांत दिसतात. आतापर्यंत या परंपरेला प्रत्येक स्थलांतराने काही दिले : शिकागोने संग्रह, न्यूयॉर्कने मुद्रण, लंडनने बैठक. त्या प्रत्येक वेळी देणारे आयरिश स्थलांतरित होते आणि गावाची आठवण त्यांच्या सोबतीला होती. आजच्या हौशी वादकाकडे ती आठवण नाही, म्हणून तिची जागा त्याला अभ्यासाने भरून काढावी लागते. लाइपझिग आणि ब्रिटनी यांच्या उदाहरणांवरून असे दिसते, की हा अभ्यास खोल गेला, तर तो अनुकरणापाशी थांबत नाही. टोकियो किंवा मेलबर्नमधील सेशनचे मोल त्यामुळे ते डब्लिनशी किती जुळते यावर ठरणार नाही. तेथे शिकलेला वादक पुढच्याला चालीबरोबर तिचा वारसा सांगू शकतो का आणि त्या शहराची स्वतःची म्हणावी अशी ढब एका-दोन पिढ्यांत तयार होते का, यावर ते ठरेल. स्लायगो आणि क्लेअर यांच्या ढबीही कधीकाळी अशाच, बाहेरून आलेल्या रील आणि पोल्का वाजवता वाजवता घडल्या होत्या.